पाणपोईवरची लादी

मेल्यावर सगळी माणसं सारखीच, असं मी गेली बावीस वर्षं वर्गात सांगत आलो आहे. तर्कशास्त्राच्या पुस्तकात तसं छापलेलं आहे आणि परीक्षेत त्याला चार गुण असतात. प्रत्यक्षात माणूस मेला की त्याच्या नावाची लादी करावी लागते, आणि लादीवर काय लिहायचं हा प्रश्न आला की ते चार गुण जातात.

माझा धाकटा भाऊ रिफअत फेब्रुवारीत गेला. मिन्या गावात स्टेशनच्या मागे आमचं घर आहे, आणि घराच्या खालीच त्याचं औषधांचं दुकान होतं. सकाळी दुकान उघडायला गेला, शटर अर्धं वर गेलं आणि तो खाली बसला. शटर अर्ध्यावरच राहिलं. पहिलं गिऱ्हाईक आलं, ते त्याला ओलांडून, वाकून आत गेलं आणि काउंटरपाशी उभं राहून हाका मारत बसलं. त्याला वाटलं, दारात बसलाय तो दुसराच कोणी आजारी माणूस. डॉक्टर म्हणाले, हृदय. लग्न केलेलं नव्हतं. का नव्हतं ते पुढे येईल. त्या दिवसाचं मला फारसं काही आठवत नाही. शटर आठवतं. ते नंतर मीच खाली ओढलं.

चाळिसाव्या दिवसाची चर्चमधली प्रार्थना झाली, गरिबांना पाव वाटले, लोक आपापल्या घरी गेले. आई काळे कपडे न बदलता खुर्चीत बसून राहिली.

"संपलं?" तिने विचारलं.

"काय?"

"त्याचं. चाळीस दिवस झाले, म्हणजे संपलं?"

"असंच असतं, आई."

"मग आता त्याचं नाव कोण घेणार? तू? तू तर जिवंत माणसांचंही घेत नाहीस."

हे खरं होतं. आईचं नाव दिम्याना, पण गल्लीत तिला सगळे वगीहची आई म्हणतात. वगीह म्हणजे मी.

"समोरच्या हाजी तोहामीने बापाच्या नावाची पाणपोई घातलीय बाजारात," आई म्हणाली. "दिवसभर लोक पितात आणि देव त्याचं भलं करो म्हणतात. त्याचा बाप तर एक नंबरचा लबाड होता."

"ते त्यांच्यात करतात. आपल्यात नाही करत."

"आपल्यात पाणी पीत नाहीत का?"

तर अशा पाणपोया आमच्या गावात दर दोन वळणांवर आहेत. स्टीलची उभी पेटी, आत पाणी गार करणारं यंत्र, दोन नळ, साखळीला बांधलेले दोन मग. आणि कपाळाला संगमरवरी लादी, त्यावर मेलेल्याचं नाव. पिणाऱ्याने नाव वाचायचं आणि त्याच्यासाठी दोन शब्द देवापाशी बोलायचे. मेलेल्याच्या खात्यावर पुण्य, पिणाऱ्याच्या पोटात गार पाणी. मिन्याच्या उन्हाळ्यात यापेक्षा बरा व्यवहार अजून कोणाला सुचलेला नाही.

दुकान विकून आलेल्या पैशातून पेटी घेतली. घराच्या भिंतीला, मायक्रोबसच्या थांब्याकडे तोंड करून ती बसवली. पाणी आमच्या नळातून, वीज आमच्या मीटरमधून. लादीचं काम बुश्राला दिलं. तो आमच्याच चर्चचा. दगडावर अक्षरं कोरतो. मनगटावर निळा क्रूस गोंदलेला आहे.

"लादी एक चांगली जाड माझ्याकडे पडूनच आहे," तो म्हणाला. "तीच देतो. नवीन कशाला कापायची?"

त्याला मी सांगितलं, नाव घाल आणि खाली 'त्याच्या आत्म्यासाठी प्रार्थना करा' असं घाल. त्याने मान हलवली. ईस्टर आठवड्यावर आलेला असताना लादी आली. मागच्या बाजूला वर्तमानपत्र चिकटवलेलं होतं. म्हटलं, दगडाला ओरखडे येऊ नयेत म्हणून असेल. प्लंबर आणि गवंडी दोघं उभेच होते. पितळेचे चार स्क्रू पिळून त्यांनी ती बसवली आणि निघून गेले. मग मी ती वाचली.

'दिवंगत रिफअत हिलमी सब्री यांच्या पुण्यासाठी. पाणी प्या आणि फातिहा म्हणा.'

फातिहा हा कुराणातला पहिला अध्याय. मुसलमान आपल्या मेलेल्यांसाठी तो म्हणतात. रिफअत मुसलमान नव्हता. त्याचं चौथं नाव, पणजोबांचं, अब्दुल-मसीह, म्हणजे ख्रिस्ताचा दास, असं होतं. ते असतं तर चार कोसांवरून कळलं असतं की माणूस ख्रिस्ती आहे. ते लादीवर मावलं नव्हतं. पहिली तीन नावं अशी आहेत की कोणीही कोणाचीही ठेवावीत.

मी बुश्राकडे गेलो. त्याने कपाळावर हात मारून घेतला.

"मास्तर, आयुष्यभर मी हेच कोरतोय. वरचं नाव बदलतं, खालची ओळ तीच. नाव कोरून झालं, हात आपसूक खाली उतरला. डोकं तेव्हा चहा प्यायला गेलं होतं."

"आता?"

"आता खोडायला ती काय पाटी आहे? दगड आहे. ईस्टर होऊन जाऊ द्या, दुसरी करून देतो."

परत आलो तर पहिलं गिऱ्हाईक उभं होतं. मायक्रोबसचा एक ड्रायव्हर. मगभर पाणी प्यायला, मिशा पुसल्या, लादी वाचली, दोन्ही तळवे समोर धरून काहीतरी पुटपुटला, तळवे चेहऱ्यावरून फिरवले आणि गाडीत जाऊन बसला. वरच्या गॅलरीतून आई हे बघत होती.

"काय म्हणाला रे तो?"

मी सांगितलं. ती जिना उतरून खाली आली. चष्मा लावून, अक्षरांवर बोट ठेवून तिने सगळी लादी वाचली. बोट फातिहावर थांबलं.

"बुश्रा गाढव आहे," ती म्हणाली.

"ईस्टर झाला की बदलू."

ती खुर्ची खाली आणवून दारात बसली. दुपारपर्यंत बसली. एक भाजीवाली प्यायली आणि पुटपुटली. दोन शिपाई प्यायले. एक पुटपुटला, दुसरा त्याची वाट बघत उभा राहिला.

"राहू दे," आई म्हणाली.

"आई, ही मुसलमानांची—"

"कोणाची आहे ते मला कळतं. तो ड्रायव्हर रिफअतला ओळखत होता का? नाही. तरी बोलला ना त्याच्यासाठी? आपले अबूना त्याला लहानपणापासून ओळखत होते, आणि चाळिसाव्याला भर चर्चमध्ये रफत म्हणाले."

अबूना म्हणजे आमचे पाद्री, अबूना बेंयामीन. रफत म्हणाले होते हे खरं होतं. दोनदा.

"देवाला पत्ता कळतो," असं म्हणून आईने विषय संपवला. ईस्टर होऊन गेला. दुसरी लादी कोणी मागितली नाही आणि बुश्रानेही आठवण केली नाही.

गल्लीतल्या सगळ्यांना रिफअत कोण ते ठाऊक होतं. तरी सगळे प्यायचे आणि पुटपुटायचे. हाजी तोहामीचं इस्त्रीचं दुकान बरोबर समोर आहे. तो अजून जुन्या पद्धतीने काम करतो: तोंडात पाण्याचा घोट धरायचा, कपड्यावर फवारा मारायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. त्यामुळे त्याच्या खेपा सगळ्यांत जास्त. अर्धं पाणी पोटात, अर्धं गल्लीच्या शर्टांवर. आणि दर खेपेला तळवे वर.

एकदा मी त्याला म्हटलं, "हाजी, रिफअत कोण होता ते विसरलात की काय?"

"मास्तर, लाजवता का गरिबाला? माझ्या साखरेच्या गोळ्या कोण देत होतं?"

"मग फातिहा?"

"वर लिहिलंय. फुकटचं पाणी प्यायचं आणि सांगितलेलं काम करायचं नाही, हे आपल्याला जमत नाही बुवा."

असा मे महिना गेला. आई गॅलरीत बसे. ड्रायव्हर, हमाल, शाळेतली पोरं, हॉस्पिटलला आलेल्या खेड्यातल्या बाया, सगळी मिळून दिवसभर माझ्या भावासाठी पुटपुटत. आई जेवू लागली. मी शाळेत जाऊन सगळी माणसं मर्त्य आहेत असं शिकवून येत होतो.

जूनमध्ये कोपऱ्यावरच्या मशिदीत नवे शेख, म्हणजे मौलवी, आले. शेख इमाद. वयाने तरुण, बोलायला मऊ, कोणाला अरे म्हणणार नाहीत. एका दुपारी उन्हातून येताना ते पाणपोईपाशी थांबले, प्यायले, नीट मन लावून फातिहा म्हणाले आणि समोर हाजीला म्हणाले, "हे रिफअत कुठल्या घरातले? शुक्रवारी त्यांचं नाव घ्यावं म्हणतो. फार गार पाणी आहे."

हाजी खोटं बोलत नाही. मक्केला जाऊन आल्यापासून त्याला ते परवडत नाही.

"औषधवाला होता," तो म्हणाला. "ख्रिस्ती होता, पण माणूस फार चांगला."

शेखांनी हातातला मग साखळीला हळूच सोडला, आवाज होणार नाही असा.

शुक्रवारचं प्रवचन मशिदीच्या भोंग्यावरून आमच्या स्वयंपाकघरात पोचतं. शेख म्हणाले, ख्रिस्ती शेजाऱ्याचं पाणी पिण्यात काडीचाही दोष नाही. शेजाऱ्याशी चांगलं वागावं, त्याच्या आजारपणात जावं, त्याच्या दुःखात उभं राहावं. मात्र. या 'मात्र'नंतर आई भेंडी चिरून संपवून उठली तरी ते बोलत होते. मुद्दा असा: दुसऱ्या धर्माच्या मेलेल्यासाठी फातिहा म्हणता येत नाही. ज्यांनी नकळत म्हटली त्यांना माफी आहे. आता ती लादी पाणी देते ते फातिहाच्या अटीवर. अट पाळता येत नाही, आणि अट न पाळता पिणं म्हणजे मेलेल्याची फसवणूक. सबब, न प्यायलेलंच बरं.

मी तर्कशास्त्र शिकवतो. मांडणी निर्दोष होती. मला एकही गुण कापता आला नसता.

शनिवारपासून पाणपोई रिकामी.

हाजी तोहामी घरून प्लास्टिकच्या बाटल्या भरून आणू लागला. त्याच्या दुकानात इस्त्रीची धग. अकरालाच ते पाणी चहा टाकण्याइतकं गरम व्हायचं. तोच घोट तोंडात धरून तो फवारे मारायचा आणि आमच्या घराकडे बघायचा नाही. चौथ्या-पाचव्या दिवशी जिना चढून वर आला. आईने चहा दिला. तो प्यायला. आणखी दिला, तोही प्यायला.

"वगीहच्या आई," तो म्हणाला, "रिफअत माझ्या पोरासारखा होता. माझ्या मनात काही नाही. तुम्हाला माहितीये. हे धर्माचं आहे."

आईने त्याच्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता ती त्याला साखरेच्या गोळ्यांची आठवण करून देणार.

"माहितीये," ती म्हणाली. "मनात काही नसतंच."

हे वाक्य आमच्या घरात आधी येऊन गेलेलं होतं. रिफअतला एका मुलीशी लग्न करायचं होतं. इवोन तिचं नाव. सरकारी हॉस्पिटलात नर्स. ख्रिस्तीच, पण इव्हँजेलिकल चर्चची. आमच्या चर्चचं म्हणणं, तिने पुन्हा बाप्तिस्मा घ्यावा, आधीचा आम्ही धरत नाही. तिच्या बापाचं म्हणणं, पोरगी एकदा भिजली ती पुरे. तेव्हा आई स्वतः त्यांच्या घरी गेली होती, खजुराची बिस्किटं घेऊन. इवोनच्या आईला म्हणाली, माझ्या मनात तुमच्या मुलीविषयी काही नाही, हे धर्माचं आहे. बिस्किटं ठेवून आली. रिफअत एक अक्षर बोलला नाही. त्याने पुढची सगळी वर्षं रोज सकाळी शटर उघडलं. इवोननेही लग्न केलं नाही, पण त्याच्याशी आपला काही संबंध नाही असं आमच्या घरात ठरलेलं होतं.

हाजी गेल्यावर आईने दोन्ही कप विसळले आणि पालथे घातले.

मग अबूना बेंयामीन आले. प्रवचन त्यांच्याही कानावर गेलं होतं.

"दिम्याना, हे मला आधी का नाही सांगितलंस? आपल्या लेकरावर महिनोन्‌महिने परकी प्रार्थना चाललीय! त्याच्या आत्म्याला किती त्रास होत असेल!"

"तुम्ही रफतसाठी प्रार्थना केलीत, अबूना. तेव्हा त्रास नाही झाला?"

अबूनांनी दाढीवरून हात फिरवला. "चुकून झालं ते. देवाला कळतं."

"मग हेही कळेल."

"हे तसं नाही."

"कसं आहे?"

"हे धर्माचं आहे," अबूना म्हणाले. "लादी काढून टाक. नवीन लाव. वर क्रूस घाल, पूर्ण नाव घाल, अब्दुल-मसीहसकट. लाजायचं काय त्यात?"

"क्रूस घातला तर पाणी कोण पिणार?"

"आपली माणसं पितील की."

"आपली माणसं घरून बाटली घेऊन निघतात, अबूना. आणि अर्धी सध्या प्रेषितांचा उपास धरून दुपारपर्यंत पाणीच पीत नाहीत."

अबूनांनी चहा घेतला नाही, तेही उपासातच होते. उपासात दूध वर्ज्य; दुपार टळली होती, तेव्हा बिनदुधाचा चालला असता, पण विषयच तसा झाला होता.

जून गेला. पेटी दिवसभर गुरगुरत राहायची. कोणी पीत नसल्यामुळे आत पाणी इतकं गार व्हायचं की बाहेरून तिला घाम फुटायचा, आणि खालच्या ताटलीत ठिबकलेलं पाणी चिमण्या प्यायच्या. थांब्यावरचे ड्रायव्हर पेटीकडे बघत, थुंकी गिळत, आणि दूरच्या टपरीवर बाटली विकत घ्यायला जात. आई गॅलरीत. तिने पेटी बंद करू दिली नाही. मी विजेचं बिल भरत होतो.

एका सकाळी लादीवरच्या नावावर काळा रंग फासलेला दिसला. फक्त नावावर, खालच्या फातिहाच्या ओळीला एक थेंब लागला नव्हता, इतकं ते काम श्रद्धेने केलेलं होतं. आई खाली जाऊन पदराने, म्हणजे डोक्यावरच्या काळ्या रुमालाच्या टोकाने घासू लागली. रंग पसरला. तेवढ्यात हाजी तोहामी रॉकेलचा डबा आणि जुनी बनियन घेऊन रस्ता ओलांडून आला.

"सरका, वगीहच्या आई. हे तुमच्याने नाही व्हायचं."

त्याने एकेक अक्षर पुसलं. रिफअत, हिलमी, सब्री. खाचांमधला रंग काडीने काढला. तोंडाने शिव्या चालू होत्या. ज्याने कोणी हे केलं त्याच्या बापापासून सुरुवात करून तो मागे मागे जात होता. हात रॉकेलने माखले तसा त्याने सवयीने नळाकडे हात नेला, मग थांबला, आणि समोर दुकानात जाऊन बाटलीतल्या कोमट पाण्याने हात धुतले.

त्याच आठवड्यात इवोन आली. मी शाळेतून येत होतो, म्हणून मला दिसली. पांढरे बूट, हातात पिशवी, केस पिकलेले. तिने मग भरला, प्यायली. पुन्हा भरला, पुन्हा प्यायली. वाचलं की नाही, माहीत नाही. आई एवढ्या वेगाने जिना कधी उतरली होती ते मला आठवत नाही.

"इवोन."

"काकी."

दोघी उभ्या राहिल्या. पेटी गुरगुरत होती.

"त्याच्यासाठी काही म्हणालीस?" आईने विचारलं. "तुमच्यातलं काहीही चालेल."

"आमच्यात मेलेल्यांसाठी प्रार्थना करत नाहीत, काकी. गेलेला देवापाशी गेला, आपण बोलून काही बदलत नाही, असं शिकवतात."

"मग कशाला आलीस?"

"तहान लागली होती."

आईने जिन्याकडे हात केला. "वर चल. मुलुखियाची भाजी केलीय."

"ड्युटी आहे, काकी."

तिने मग जागेवर टांगला आणि ती गेली. रात्री जेवताना आई फक्त एवढंच म्हणाली, "दोन मग प्यायली." मी हो म्हटलं.

जुलै संपत आला तसे ड्रायव्हरच वैतागले. त्यांनी हाजीच्या दुकानापुढे येऊन सांगितलं, तुमचं धर्माचं काय ते मिटवा, आमचे घसे फाटलेत. मग बैठक बसली. आमच्याकडे काहीही झालं की बैठक बसते. चहा होतो, गळाभेट होते आणि जे होतं तेच पुढे चालू राहतं. हाजीच्या दुकानात खुर्च्या मांडल्या. शेख इमाद आले, अबूना बेंयामीन आले, दोघांनी एकमेकांच्या तब्येती विचारल्या. बुश्राला बोलावलं, कारण मुळात चूक त्याची. आई आली आणि इस्त्रीच्या टेबलाजवळ बसली.

"नाव काढलं की प्रश्नच मिटला," शेख नरमपणे म्हणाले. "कोरी लादी. देवाला दाता कोण ते माहीत असतं."

"नाव काढणार नाही," आई म्हणाली.

"मग क्रूस," अबूना म्हणाले.

"त्याला आमची काहीच हरकत नाही," शेख म्हणाले. "तुमची पाणपोई, तुमची खूण. फक्त पिणार कोणी नाही, एवढंच."

"नाव काढणार नाही, आणि लोक प्यायले पाहिजेत," आई म्हणाली. "नाहीतर मी कशाला घातली पाणपोई? चिमण्यांसाठी?"

हाजीने एक शर्ट उलटा करून टेबलावर पसरला. बैठक असली तरी गिऱ्हाईक थांबत नाही. त्याने शर्टाकडे पाहिलं.

"उलटी करा," तो म्हणाला.

"काय?"

"लादी. चार तर स्क्रू आहेत. नाव आत, पाठ बाहेर. नाव राहिलं की नाही? राहिलं. दिसतं का? नाही."

शेखांनी डोळे मिटून विचार केला. "जे दिसत नाही ते काही मागत नाही," ते म्हणाले. "मग अटही उरत नाही."

"परकी ओळही दिसणार नाही," अबूना म्हणाले. त्यांना ते पटलेलं दिसलं.

"पण मागची बाजू तेवढी—" बुश्राने तोंड उघडलं.

"तू गप्प बस," अबूना म्हणाले. "तुझ्या पुढच्या बाजूने एवढं केलंय. मागची कोण बघतो?"

सगळे आईकडे बघू लागले.

"नाव राहील?" तिने विचारलं.

"राहील, वगीहच्या आई," हाजी म्हणाला. "फक्त भिंतीकडे तोंड करून."

"तसा तो आयुष्यभर होताच," आई म्हणाली. "करा."

दुसऱ्या दिवशी सकाळी बुश्राने स्क्रू काढले. मागचं वर्तमानपत्र भिजून घट्ट बसलेलं होतं. हाजीने त्यावर तोंडाने एक फवारा मारला आणि ते सोलून काढलं. खाली अक्षरं होती. स्वच्छ, खोल, बुश्राच्याच हातची.

'दिवंगत हज्जा सनिय्या अब्दुल-मौजूद यांच्या पुण्यासाठी. पाणी प्या आणि फातिहा म्हणा.'

"मी सांगत होतो ना," बुश्रा म्हणाला. "रद्द झालेली ऑर्डर होती. चांगली लादी, टाकून कशी द्यायची? घासायला गेलो तर तडकेल आता, दोन्हीकडून कोरलीय."

मग शेख इमाद पुढे झाले. त्यांनी लादी वाचली आणि त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच एक मोकळं हसू आलं.

"या तर आपल्याच, हज करून आलेल्या," ते म्हणाले. तळवे वर धरून त्यांनी तिथल्या तिथे फातिहा म्हटली, आणि मग ते मगभर पाणी प्यायले.

"आपल्या माणसाचं नाव कुठे दिसत नाही ना?" अबूनांनी मला विचारलं. मी नाही म्हटलं. "मग झालं तर."

आईने लादीच्या मागे हात घालून बोटांनी चाचपलं. रिफअतचं नाव लागलं असावं, कारण तिने मान हलवली. बुश्राने स्क्रू पिळले.

दुपारपर्यंत रांग लागली. हाजी तोहामीने बाटल्या भंगारवाल्याला दिल्या. ड्रायव्हर पितात, मिशा पुसतात, सनिय्याबाईंसाठी पुटपुटतात. आई गॅलरीत बसते. प्रत्येक जण पुटपुटून झाला की ती वरून, बसल्या जागेवरून हळूच म्हणते, "आणि रिफअतला." खाली ते कोणाला ऐकू जात नाही. दिवसभर चालतं. त्याचं नाव कोण घेणार, हा प्रश्न त्यामुळे सुटला असं म्हणायला हरकत नाही.

सप्टेंबरमध्ये बाजारात बुश्रा भेटला. ही सनिय्या कोण, कुठली, असं मी त्याला सहज विचारलं. एवढी फातिहा रोज तिच्या नावावर जमा होते. म्हटलं, तिच्या घरच्यांना कळवावं, त्यांना बरं वाटेल.

"बनी मझारची," बुश्रा म्हणाला. "डॉक्टरांनी दोन दिवस दिले होते, म्हणून मुलांनी घाईने लादी करायला टाकली."

"मग?"

"मग काय. बाई बरी झाली. आहे अजून."